कलावंतांची उसनवारी

राजुरात पावसाळा चार महिने असतो आणि कलावंत बारा महिने. अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगास, भंडारदऱ्याकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हे गाव परगावच्या माणसास दोन गोष्टींकरिता ठाऊक असते. एक येथील पेढे आणि दुसरे येथे भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड पाहावयास निघालेले मुंबई-पुण्याचे प्रवासी येथे मोटार थांबवतात, पेढ्यांचा पुडा बांधून घेतात आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचे पाणी पाहण्याच्या ओढीने पुढे निघून जातात. परंतु ज्या दुकानातून तो पुडा त्यांनी घेतला त्याच्याच मागील अंगास, भट्टीच्या उबेला, पंचक्रोशीतील स्वतंत्र कलावंतांचा दरबार भरलेला आहे, याची त्या बिचाऱ्यांना वार्ताही नसते.

ज्याचे नाव कोणत्याही कचेरीच्या हजेरीपटावर नाही, ज्यास पगार नाही, पेन्शन नाही, बदली नाही, आणि बदली नसल्यामुळे ज्याच्यापासून गावाची सुटका नाही, अशा कलावंतास आमच्याकडे आदराने स्वतंत्र म्हणतात. दरबारात असे चौघे आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरांवरील ‘आईचा आशीर्वाद’ आणि भाद्रपदात गणपती रंगवणारे पेंटर. तमाशाच्या फडांत उमेदीची वर्षे घालवून आता गावी स्थिरावलेले ढोलकीवाले आबा. भजनी मंडळाचे बुवा. आणि खताच्या दुकानात हिशेब लिहिणारा एक कवी, जो वयाने सर्वांत धाकटा असल्यामुळे त्याच्या प्रतिभेविषयी कोणाचे काहीही मत असले तरी चहा सांगावयास त्यालाच धाडण्यात येते. पाचवे हार्मोनियमवाले मास्तर. ते शाळेतून निवृत्त झालेले असून त्यांना पेन्शन आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कलेविषयी इतर चौघांच्या मनात थोडा संशय आहे.

या दरबाराचा उगम मैत्रीत झाला असे कोणी समजू नये. तो ओलाव्यात झाला. सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरणारा पाऊस मृगात एकदा पाय पसरून बसला की दसऱ्याच्या आगेमागेच काय तो हलतो, आणि तोवर गावात कोरडी व ऊबदार अशी एकच जागा उरते, ती म्हणजे खव्याची भट्टी. प्रथम तेथे गेले आबा. ढोलकीचे कातडे मोठे मानी असते. हवा दमट झाली की शाईच्या बाजूचा सूर उतरतो, धुमाची बाजू बद्द बोलू लागते, आणि मग कड्या कितीही ओढल्या तरी विस्तवाजवळ नेल्याखेरीज ती वठणीवर येत नाही. पेढ्यांच्या दुकानाचे मालक शेठ, त्यांनी हरकत घेतली नाही. ढोलकी कढईपासून दोन हात दूर असावी एवढीच अट घातली. पाठोपाठ पेंटर आपल्या न वाळणाऱ्या पाट्या घेऊन आले, मास्तर पट्ट्या फुगून बसलेली पेटी घेऊन आले, बुवा घसा शेकावयास आले, आणि कवी, ज्याच्याजवळ शेकण्यासारखे काहीच नव्हते, तो कविता घेऊन आला.

कवीचे येणे पूर्वनियोजित असावे असा माझा तर्क आहे. खवा आटवणारा मनुष्य हा जगातील सर्वोत्तम श्रोता होय. दूध एकदा उकळीला आले की त्यात उलथणे सारखे फिरवत राहावे लागते; कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा मध्ये लोटावी लागते; घट्टपणा येऊ लागला की तर आच आणि हात दोन्ही सांभाळावे लागतात, आणि क्षणभर उसंत घेतली तर खवा तळाला लागून साऱ्या घाण्यास करपट वास येतो. सारांश, शेठना तास-दीड तास जागेवरून उठता येत नाही. ज्यास उठून जाता येत नाही अशा श्रोत्याच्या शोधात महाराष्ट्रातील कवींनी आजवर केवढी पायपीट केली आहे! आमच्या कवीस तो घरापासून हाकेच्या अंतरावर सापडला.

एकत्र बसू लागल्यावर परस्परांच्या कलेचे रसग्रहण करण्याची आपत्ती ओघानेच आली. कवीने कविता वाचली. बुवांनी ‘वा’ म्हटले, पण ते कविता संपण्यापूर्वीच म्हटल्यामुळे कवीस ते लागले. पेंटरनी स्वतःच्या समाधानाकरिता काढलेले रतनगडाचे चित्र भिंतीला टेकवून ठेवले, तेव्हा हरिश्चंद्रगड फार हुबेहूब साधला आहे, असे मास्तर मोकळ्या मनाने म्हणाले. आबांनी शेकून चढवलेल्या ढोलकीवर अर्धा तास जीव तोडून वाजवले, आणि हात थांबताच कवीने अत्यंत आदराने विचारले की, गाणे केव्हा सुरू होणार? त्यानंतर तीन आठवडे भट्टीजवळ फक्त शेठ आणि दूध असे दोघेच होते.

पुढे मास्तरांनी तडजोड काढली. त्यांच्या मते आवडणे हे ऐच्छिक ठेवावे आणि ऐकणे हे देण्याघेण्यात आणावे. बुवांनी एक अभंग नव्या चालीवर म्हटला व तो कवीने पुरता ऐकला, तर बुवांकडे दोन कविता ऐकण्याचे देणे निघावे. मुक्तछंद असल्यास एकच. पेंटरचे चित्र पाहण्यास वेळ थोडा लागतो, सबब त्यांनी ते काढताना आलेल्या अडचणीही सांगाव्या आणि त्या जमेस धराव्या. या व्यवहाराची कीर्द मास्तर काही दिवस खरोखरच ठेवत असत. आषाढअखेर बाकी काढली, तेव्हा अवघा दरबार कवीचा कर्जदार निघाला, कारण तो सर्वांचे सर्व काही ऐकत असे आणि त्याच्या कविता मात्र फार आखूड असत. ही वसुली टाळण्याकरिता कीर्द बंद करण्यात आली.

वास्तविक दुसऱ्याच्या मालाचे मनापासून कौतुक करणारी माणसे गावात नाहीत असे मुळीच नाही. डांगी जनावरांच्या प्रदर्शनात ती हवी तितकी पाहावयास मिळतात. आपला वळू नंबरात आला नाही म्हणून हिरमुसलेला मालक पहिल्या आलेल्या वळूभोवती फेरी मारतो, त्याचे वशिंड चाचपतो, पाठीवर थाप देतो आणि त्याच्या मालकास ‘काय जनावर केलंय रं’ असे म्हणतो, ते इतक्या निर्मळ गळ्याने म्हणतो की, कोणत्याही साहित्य संमेलनात ते वाक्य त्या स्वरात उच्चारले गेल्याचे मला आठवत नाही. डांगी जनावर पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके घेऊन जन्मते आणि त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरत असल्यामुळे मुसळधार पाऊसही त्याच्या अंगावर ठरत नाही. ही कातडी विधात्याने बैलास दिली आणि कवीस दिली नाही, ही माझ्या अल्प मतीप्रमाणे सृष्टीच्या दप्तरातील एक ढोबळ चूक आहे.

मोठ्या गावांतील मोठ्या कलावंतांनी हा पेच कसा सोडवला असेल, असे कुतूहल वाटून मी थोडी जुनी पाने चाळली. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, वि. द. घाटे, दिवाकर, माडखोलकर, द. ल. गोखले ही मंडळी त्यात होती, आणि मंडळाचे मूळ रविवारच्या चहाच्या बैठकीत होते. इतके कवी एका खोलीत, प्रत्येकाच्या खिशात नवी कविता, आणि तरीही त्यातून ‘किरण’ हा संग्रह त्याच वर्षी बाहेर पडावा, पुढे यशवंत-गिरीशांच्या काव्यगायनाला गावोगाव गर्दी लोटावी, याचे श्रेय समीक्षक प्रतिभेला देतात. मी ते चहाला देतो. तोंडात घोट असताना मनुष्यास अभिप्राय देता येत नाही, आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत अभिप्रायाची धार पुष्कळ बोथट झालेली असते. चहा जेथे अपुरा पडला असेल तेथे प्रल्हाद केशव अत्र्यांनी काम पुरे केले. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ काढली आणि रविकिरणी कवितेची यथेच्छ टर उडवली. एका कवीस दुसऱ्या कवीची कविता आवडो न आवडो, तिसराच मनुष्य तिला हसू लागला की ती एकाएकी घरची वाटू लागते. प्रत्येक कलावंत-मंडळाने खर्चाच्या अंदाजपत्रकात एका चांगल्या विडंबनकाराची तरतूद केली पाहिजे. आमच्याकडे ती सोय नाही. गावातील एक किराणा दुकानदार कवीच्या कवितांना हसतो खरा. पण त्याने त्या वाचलेल्या नसल्यामुळे त्या हसण्यास वाङ्मयीन मूल्य नाही.

मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची हकिगत निराळी. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे सहा जण एकत्र आले; १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला आणि १९५१ मध्ये बाकरे लंडनला. रझांचा मुंबईच्या मित्रांशी पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालला आणि तो जिव्हाळ्याचा होता. चित्रकारांमध्ये पाच हजार मैलांचे अंतर ठेवल्यास जिव्हाळा टिकतो, असा याचा अर्थ काढून पेंटरनी अकोल्यास दुकान थाटण्याचा विचार बोलून दाखवला; परंतु राजूर ते अकोले हे अंतर त्या कामी पुरेसे नाही, असे सर्वांचे मत पडले.

या सर्व ग्रंथोक्त माहितीपेक्षा आबांनी ढोलकी शेकता शेकता सांगितलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. दसऱ्याला तमाशाच्या फडाचा नारळ फुटतो आणि वैशाखात फड उतरतो. मधल्या काळात गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात फडमालकांच्या रावट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी तेथे सुपारी ठरवावयास जातात. आमच्या तालुक्यातील पंचमंडळीही कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असा मार्ग धरून तेथे पोहोचतात. रावटीला रावटी लागून असते. प्रत्येक रावटीतला मनुष्य शेजारच्या रावटीतले गिऱ्हाईक आपल्याकडे कसे वळेल याच विवंचनेत असतो, आणि गिऱ्हाइकासमोर शेजाऱ्याच्या फडाविषयी जे बोलले जाते ते येथे लिहिण्यासारखे नसते. ‘पण ढोलकीची पुडी फाटली,’ आबा म्हणाले, ‘तर पहिलं पाऊल शेजारच्याच रावटीत पडायचं. तो शिव्या द्यायचा, आणि शिव्या देतादेताच पुडी काढून द्यायचा.’ आबांच्या मते शिव्या हा त्यातला महत्त्वाचा भाग. गोड बोलून दिलेली पुडी परत मागावयास जड जाते.

याच ओघात त्यांनी पवळाची गोष्ट काढली. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावशाची पवळा आणि कुलकर्णीपणावर पाणी सोडून तमाशात आलेले श्रीधर कृष्णाजी, म्हणजे पठ्ठे बापूराव, या जोडीने मराठी मुलखाला वेड लावले. बापूरावांची कवने आणि पवळाचा गळा. एकमेकांवाचून दोघांचेही अडत होते. पुढे जोडी फुटली, आणि ते वैभव दोघांपैकी कोणालाच एकट्याने पुन्हा उभे करता आले नाही. विद्वानांनी याची कारणे निरनिराळी दिली आहेत. आबांचे कारण आखूड आहे. ‘दोघंही लई मोठी झाली,’ ते म्हणाले, ‘मग उसनं मागायची लाज वाटायला लागली.’ यावर कढईतील उलथण्याखेरीज बराच वेळ काही हलले नाही.

लाज सोडल्यास केवढे काम होते याचा दाखला मास्तरांच्या तोंडी नेहमी असतो, आणि तो निर्विवाद आहे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या. दोहोंचे चाहते एकमेकांचे तोंड न पाहणारे. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाकरिता त्यांनी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्या रात्री त्या दोघांनी एकमेकांच्या गायकीविषयी काय विचार केला असेल तो त्यांचा त्यांस ठाऊक. त्यांनी एका रंगमंचावर उभे राहून एका फंडाचे काम केले, आणि शंभर वर्षे लोक त्या एका रात्रीची आठवण काढीत आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. ती मसलत थोडी लांबणीवर पडली असती तर ती कायमचीच राहिली असती, हे मास्तर दर वेळी सांगतात आणि दर वेळी पेटीचा भाता नकळत दाबतात.

आमच्या डोंगरपट्टीतील शेतकऱ्यास हे सारे उपजत कळते. भाताच्या आवणीला एकट्याचे हात पुरत नाहीत, म्हणून आज याच्या खाचरात सर्वांनी उतरावे, उद्या त्याच्या. इर्जिक घालणाऱ्याने दिवसअखेर पोटभर जेवू घालावे. कोण किती ओळी लावून गेला याचा हिशेब मनात ठेवावा आणि तोंडाने काढू नये. चिखलात उभा राहून शेजाऱ्याचा काळभात आपल्या काळभाताहून सरस की नीरस, याची चर्चा कोणी करीत नाही. दरबारास ही रीत सुचली ती एका श्रावणात. पेंटरच्या पडवीत गणपतीच्या मूर्ती रंगाविना ओळीने बसलेल्या, पावसाने प्रत्येक हात वाळावयास दुप्पट वेळ घेतलेला आणि चतुर्थी तोंडावर आलेली. तेव्हा पेंटरनी, आयुष्यात प्रथमच, ‘जरा हात लावता का?’ असे विचारले. लगेच सारे निघाले. मास्तरांनी पितांबर पिवळे केले. बुवांनी गंध लावण्याचे काम अधिकाराने मागून घेतले. आबांनी आसने रंगवली आणि ती तालात रंगवली, असे त्यांचे म्हणणे आहे. कवीकडे उंदीर सोपवण्यात आले.

डोळ्यांची आखणी मात्र पेंटरनी कोणाला करू दिली नाही. रात्री सर्व जण गेल्यावर कंदिलासारखा दिवा जवळ ओढून, श्वास रोखून, बारीक कुंचल्याने ते एकेका मूर्तीचे डोळे उघडत असत. आणि ते झाल्यावर, कोणाला कळू न देता, बुवांनी लावलेली वाकडी गंधे पुसून सरळ करीत असत, मास्तरांचे पितांबराबाहेर गेलेले पिवळे खरवडून काढीत असत. ही गोष्ट त्यांच्या कुटुंबाने पुढे फोडली. मदतीमुळे पेंटरचे काम निम्म्याने वाढले होते. उंदरांपर्यंत त्यांचा हात पोहोचला नाही, म्हणून त्या वर्षी गावातील बऱ्याच गणपतींच्या पायाशी डोळ्यांत मांजराचे भाव असलेले उंदीर बसले. तरीही दुसऱ्या वर्षी श्रावण लागताच पेंटर स्वतः भट्टीवर आले आणि ‘जरा हात लावता का?’ म्हणाले. मैत्रीची व्याख्या करण्याचा प्रसंग माझ्यावर आलाच तर मी त्या दुसऱ्या वर्षीच्या प्रश्नाकडे बोट दाखवीन; पहिल्या वर्षी तर गरज होती.

सध्या दरबारापुढे आबांचा अर्ज आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्य सरकारची योजना १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. पूर्वी तीत कलावंतांचे अ, ब आणि क असे वर्ग असत, आता वर्ग उठून सर्वांना सारखेच मानधन झाले आहे. आबांचे वय बसते, उत्पन्न तर बसतेच बसते. प्रश्न आहे तो कलेच्या पुराव्याचा. फडांत घालवलेल्या वर्षांचा एकही कागद आबांजवळ नाही, कारण फडात उचल तोंडी मिळे आणि तोंडीच फिटे. कवीने अर्जाचा मसुदा केला; त्यात आबांच्या बोटांस मेघगर्जना म्हटले होते आणि वयाचा उल्लेख राहून गेला होता. मास्तरांनी तो खोडून नमुन्याबरहुकूम केला. बुवांनी शिफारसपत्र दिले. पेंटर तरुणपणच्या आबांचे ढोलकीसह चित्र काढून देण्यास तयार होते, परंतु हस्तचित्र हा छायाचित्रीय पुरावा ठरत नाही, असे मास्तरांनी निदर्शनास आणले.

पुरावा शेवटी निघाला तो गल्ल्याखालून. शेठनी आपल्या उधारीच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत वर्षानुवर्षे, प्रत्येक पावसाळ्यात, तारीखवार नोंदी होत्या : आबा, ढोलकी शेकणे, चहा एक. आबा, ढोलकी शेकणे, यात्रेची सुपारी, चहा दोन. आबा, पुडी बदलली, वाजवून दाखवली, पेढे छटाक, चहा तीन. इतका सलग, इतका निःपक्षपाती आणि दुसऱ्याच कारणाकरिता लिहिलेला असल्यामुळे इतका विश्वसनीय कलेचा दाखला कोणत्याही संस्थेच्या दप्तरात सापडणार नाही, असे मास्तरांचे मत पडले, आणि वह्यांच्या नकला अर्जास जोडाव्या, असे एकमताने ठरले.

आबांनी वही डोळ्यांजवळ नेली, पाने उलटली आणि शेवटच्या पानावरील बेरजेवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘हे सरकारात जायच्या आधी माझी बाकी खोडा. एवढी उधारी दिसली तर साहेब काय म्हणेल?’

‘आबा,’ शेठ उलथणे न थांबवता म्हणाले, ‘बाकी खोडली तर पुरावाच खोडला की!’